मासिकं कुणाची

"ताई, माझ्या आजोबांना तुमच्या वडिलांशी एकदा बोलायचंय. व्हिडिओ कॉलवर. पाचच मिनिटं."

डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गणपतीची आरती नुकतीच संपली होती आणि मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. समोरच्या मुलीला मी ओळखत नव्हते. जवळच्याच लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, मूळची मिरजेची, एवढं तिनं सांगितलं. मीही मिरजेचीच, म्हणून मी आनंदानं तोंड उघडलं. मग तिनं आजोबांचं आडनाव सांगितलं आणि मी तोंड मिटलं.

"नाही," मी म्हटलं. "ते शक्य नाही."

"ते फार थकलेत हो ताई. डॉक्टरांनी सांगितलंय की आता..."

"माझे वडीलही थकलेत." एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण माझी जीभ मला कधीच आवरलेली नाही. "पासष्ट वर्षांपूर्वी तुझ्या आजोबांनी काय केलं, ते आधी त्यांना विचार. मग ये माझ्याकडे."

ती गोरीमोरी झाली. तरी जाताना आपला नंबर माझ्या फोनवर टाकून गेली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून द्रोणातला शिरा मन लावून खात होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. त्यांना मी काही बोलले नाही. घरी येताना गाडीत मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

ही गोष्ट आमच्या घरात मी वरणभाताबरोबर ऐकत मोठी झाले. बाबा आणि 'तो', म्हणजे त्या मुलीचे आजोबा, दोघं मिरजेचे, शाळेपासून एका बाकावरचे. पुढे पुण्याला बी.एस्सी. करताना एका खोलीत राहिलेले. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत, जिथं अणूचं काम चालायचं, दोघांनी अर्ज केला आणि दोघांचीही निवड झाली. आता फक्त पोलीस चौकशी व्हायची होती. तो काळ असा की अमेरिका आणि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले. आपण म्हणे कुणाच्याच बाजूचे नव्हतो, पण सरकारी नोकरीत घेताना माणूस लाल तर नाही ना, हे पाहिलं जायचंच, आणि अणूच्या कामाला तर दहादा पाहिलं जायचं. दोघांच्या पुण्याच्या खोलीवर रशियाची मासिकं यायची. शिवाय सगळ्या देशांनी अणुबॉम्ब मोडीत काढावेत म्हणून कॉलेजच्या फाटकाशी टेबल टाकून सह्या गोळा केल्या गेल्या होत्या, त्या कागदावर दोघांच्याही सह्या होत्या. बॉम्ब नको म्हणतो म्हणजे हा रशियाचाच असणार, असं तेव्हा सरळ गणित होतं.

बाबांची नोकरी त्यात गेली. का गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. "त्यानं माझं नाव सांगितलं," बाबा म्हणत. एवढंच वाक्य, इतकेच शब्द, मागे-पुढे काही नाही. उरलेलं आई पुरवायची. "केसानं गळा कापला मेल्यानं," ती म्हणायची आणि बाबांच्या पानात आणखी एक पोळी वाढायची.

बाबा मग मिरजेतल्या एका खासगी शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले. लग्न उशिरा केलं. मी झाले तेव्हा ते चाळिशीचे होते. 'तो' सुद्धा मिरजेतच राहिला, कारण नोकरी त्यालाही मिळाली नव्हती. "त्याचं त्याला भोवलं," असं आई म्हणायची आणि तो विषय तिथं मिटायचा. तो घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. त्याची गल्ली आमच्या शाळेच्या वाटेवर होती, पण आम्ही पोस्टावरून वळसा घालून जायचो.

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वह्यांना रशियन मासिकांची कव्हरं असत. काय गुळगुळीत कागद असायचा तो! बर्फ, ट्रॅक्टर, लाल गालांची मुलं. आमच्या वह्यांना मात्र खाकी कागद. तिसरीत असताना मी मैत्रिणीकडून एक पान मागून आणलं आणि भूगोलाच्या वहीला घातलं. बाबांनी ते असं काही ओढून काढलं की वहीचं पहिलं पानही त्याबरोबर फाटलं. मला रडू आलं, पण राग बाबांचा आला नाही. राग त्या गल्लीतल्या माणसाचा आला, कारण बाबांना असं करणारा तोच होता.

मी सोळा वर्षांची असताना त्याची चिठ्ठी आली. माझं गणित कच्चं आहे हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. "मुलीला शिकवणीला पाठव. फी नको." बाबांनी ती वाचली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि ते आंघोळीला गेले. मी चिठ्ठी उचलली आणि शाळेच्या गणवेशात तडक त्याच्या घरी गेले. पुढच्या खोलीत दहा-पंधरा मुलं सतरंजीवर बसली होती. हा फळ्यापाशी उभा होता.

"तुम्ही पोलिसांना माझ्या बाबांचं नाव सांगितलंत," मी दारातूनच म्हणाले. "तुमच्या शिकवणीला मी पाय ठेवणार नाही."

मुलं माना वळवून बघत राहिली. त्यानं खडू खाली ठेवला, हात झटकले. मला वाटलं, आता ओरडेल, नाही म्हणेल.

"सांगितलं खरं, बाळ," तो म्हणाला. "बस. उन्हातून आलीस. पाणी पिऊन जा."

पाणी पिणं लांबच, मी त्या उंबऱ्याला पायसुद्धा लावला नाही. चिठ्ठी तिथंच टाकली आणि घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, काही क्षण खिडकीबाहेर बघितलं आणि माझी पाठ थोपटली. "वाघीण आहेस," म्हणाले. माझे बाबा पाठ थोपटणाऱ्यातले नाहीत. माझ्या लग्नातही त्यांनी थोपटली नाही. त्यामुळे ती थाप मी अनेक वर्षं जपून ठेवली होती.

गणितानं माझी दांडी उडवली ती उडवलीच. इंजिनिअरिंगचा नाद सोडून मी फार्मसीला गेले आणि त्या वाटेनं फिरत फिरत आयर्लंडमधल्या औषधाच्या कारखान्यात येऊन पडले. माझं काम असं की कारखान्यात काही चुकलं, बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली, एखाद्या खोलीचं तापमान वर गेलं, की तिथं जाऊन ते का घडलं हे शोधायचं. त्याची एक ठरलेली पद्धत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या 'का'ला माणूस यंत्राचं नाव सांगतो, दुसऱ्याला दुसऱ्या पाळीतल्या कुणाचं तरी. चौथ्या-पाचव्या 'का'ला येईपर्यंत समोरच्याचा चेहरा बदलतो आणि मग खरं बाहेर पडतं. बावीस वर्षं मी हे करते आहे आणि माझा या कामात हातखंडा आहे. घरात मात्र मी एकदाही 'का' विचारलं नव्हतं.

विचारलं ते माझ्या लेकीनं. ती तेरा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते इंग्रजी, तेही डब्लिनच्या सुरातलं. गणपतीनंतरच्या आठवड्यात शाळेनं तिला इतिहासाचा प्रकल्प दिला. अमेरिका आणि रशियाच्या त्या शीतयुद्धाचा तुमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांवर काय परिणाम झाला, ते त्यांना विचारून लिहा. दोन माणसं हवी होती. एक आजोबा घरातच होते. दुसरं माणूस म्हणजे शेजारच्या आजी. त्या आपल्या मुलीकडे राहतात, मूळच्या इथल्याच, किलकेनीजवळच्या एका गावच्या. त्यांचं बोलणं बाबांना समजत नाही, थोडं कानामुळे आणि बरंचसं उच्चारांमुळे. म्हणून शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांना बसवलं आणि मध्ये मी दुभाषी.

आजींनी आधी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी गावात फिरून अणुबॉम्बविरुद्ध सह्या गोळा केल्या. सगळ्या मिळून एकोणीस. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी वेदीवरून सांगितलं की आपल्या गावात कम्युनिस्ट शिरले आहेत आणि ते देव मानत नाहीत. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळल्या. त्या आठवड्यापासून दुकानात कुणी सायकल आणेना. लोक पंक्चर झालेली सायकल ढकलत पुढच्या गावाला नेत. वर्षभरात दुकान बंद झालं आणि वडील कामासाठी इंग्लंडला गेले, ते सणासुदीलाच परत यायचे.

"पण पाद्रीबाबांना कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"माझ्या आत्यानं," आजी म्हणाल्या. "वडिलांच्या सख्ख्या बहिणीनं. सगळी नावं उतरवून नेऊन दिली. तिला वाटलं, भाऊ नरकात जाईल. रशियाचे लोक येतील आणि आपली चर्चं जाळतील, असं तेव्हा रोज कानावर पडायचं. ती खरोखर घाबरली होती." त्यांनी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. "मात्र त्याच संध्याकाळी घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. मी केलं, म्हणाली. तोंडावर सांगितलं, एवढं तिचं मानायला हवं. वडील दहा वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मग बोलले."

मी हे सगळं बाबांना मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा बाबा टेबलावरचा साखरेचा दाणा बोटानं दाबून बघत होते. मला वाटलं, आपलंच दुःख आठवलं असेल. मग लेकीनं त्यांच्याकडे वही वळवली आणि बाबांनी आपली गोष्ट सांगितली. तीच, तेवढीच. शेवटी ते वाक्य. त्यानं माझं नाव सांगितलं.

लेकीनं लिहून घेतलं. पेन्सिल चावली. मग म्हणाली, "बट आजोबा, व्हाय डिडन्ट युअर मॅन गेट द जॉब, देन?"

युअर मॅन म्हणजे तो. इथं कुणाचंही नाव न घेता असंच म्हणतात. आमच्या घरातल्यासारखंच.

"काय म्हणतीय ती?" बाबांनी विचारलं.

"ती म्हणतेय, त्यांनी तुमचं नाव सांगितलं, तर मग त्यांना का नाही मिळाली नोकरी?"

"त्याचीही चौकशी झाली असणार की."

"का?" हे मात्र मी विचारलं. सवयीनं, अगदी कामावर विचारावं तसं.

"खोलीवर मासिकं येत होती ना."

"खोली दोघांची होती, बाबा. मासिकं कुणाची होती?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा बदलला. तो बदल मी कारखान्यात शेकडो वेळा पाहिला आहे. वाटलं, इथंच थांबावं. पण मी थांबले नाही.

"मासिकं कुणाची, बाबा?"

"माझी," बाबा म्हणाले. "वर्गणी मी भरली होती. त्यात रॉकेटचे फोटो यायचे."

"आणि सह्यांचं टेबल?"

"ते मीच टाकलं होतं. तो नुसता शेजारी बसला होता."

"हवालदार आधी कुणाकडे आला?"

"आपल्याकडं. दादांनी त्याला चहा दिला." दादा म्हणजे माझे आजोबा. "दादा शेजारी बसलेले. हवालदारानं विचारलं, मासिकं कुणाची? मी म्हटलं, त्याची. सह्या कुणी घेतल्या? म्हटलं, त्यानंच."

शेजारच्या आजींना आमचं मराठी कळत नव्हतं. त्या काळजीनं माझ्याकडे बघत होत्या, म्हातारबाबा ठीक आहेत ना, म्हणून. "ही इज ग्रँड," ठीक आहेत ते, असं मी त्यांना म्हटलं. लेकीची पेन्सिल थांबली होती. तिला सगळं कळलं होतं.

"आणि मग हवालदार त्यांच्याकडे गेला," मी म्हटलं.

"गेला. मासिकं तुमची का, म्हणून विचारलं." आणि इथं बाबांचा आवाज एकदम चढला. "तर हा म्हणाला, आमच्या दोघांची! संध्याकाळी मला येऊन हसत हसत सांगतोय, मी खरं तेच सांगितलं म्हणून. काय गरज होती? त्याचं तर गेलंच होतं. नुसतं 'माझी' म्हणाला असता तर माझं तरी काम झालं असतं! त्यानं माझं नाव घेतलं!"

सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि तो राग अस्सल होता, त्यात कुठंही नाटक नव्हतं. बाबा खोटं बोललेच नव्हते. त्यानं माझं नाव सांगितलं, हे अक्षरशः खरं होतं. फक्त त्याच्या आधीचं वाक्य त्यांनी आयुष्यभर गिळून टाकलं होतं.

"तुम्ही त्यांचं नाव आधी सांगितलंत, हे त्यांना माहीत आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "कसं असणार?"

मी उठले आणि वर जाऊन बेडरूमचं दार लावून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. हवालदारासमोर बसलेला बावीस वर्षांचा बाबा मला समजू शकतो. बाजूला कडक वडील, समोर खाकी कपडे, एका शब्दानं जन्माचं नुकसान होणार. त्या काळात भल्याभल्यांची बोबडी वळली, अमेरिकेत वळली, या किलकेनीजवळच्या गावात वळली, मग मिरजेच्या पोरानं काय करावं? पण मी गणवेशात त्या दारात जाऊन आले, तेव्हा बाबा बावीसचे नव्हते. छप्पन्नचे होते. तेव्हा पोलीस नव्हता, वडील नव्हते, तो जुना रशियासुद्धा राहिला नव्हता. समोर फक्त त्यांची मुलगी होती, आणि तिला त्यांनी वाघीण म्हटलं. त्या थापेनं मला फसवलं. मला माझ्या बापानं फसवलं, हे मी त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं, गादीवर बसून, एकटीनं. म्हटल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

आणि ते पाणी! "सांगितलं खरं, बाळ." तो माणूस, नाही, ते... ते स्वतःला गुन्हेगार समजून माझ्यासमोर उभे होते. पंधरा मुलांदेखत मी त्यांना वाटेल ते बोलले होते आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं होतं.

चार दिवस मी बाबांशी कामापुरतंच बोलले. जेवायला या. गोळी घ्या. पाचव्या दिवशी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगायचं. त्यांचे फार दिवस राहिलेले नाहीत."

"आता काय उपयोग?" बाबा म्हणाले.

"उपयोग त्यांना आहे. पासष्ट वर्षं ते स्वतःला दोषी धरून बसलेत. शेवटी तरी त्यांना कळू दे की ते दोषी नव्हते."

बाबांनी गोळ्यांचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

मी लिक्सलिपच्या त्या मुलीला फोन केला आणि आधी तिची माफी मागितली. तिनं लगेच रविवार ठरवला. शनिवारी बाबांनी माझ्यासमोर वाक्य म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलानं म्हणावं तसं. "अरे, हवालदार आधी माझ्याकडं आला होता आणि मी तुझं नाव सांगितलं." दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचे डोळे भरले आणि माझा त्यांच्यावरचा राग थोडा उतरला.

रविवारी ती मुलगी ट्रेननं आमच्या क्लोनसिला स्टेशनला उतरून चालत आमच्याकडे आली. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, कानाचं यंत्र स्वतःच नीट बसवलं होतं. लेक जिन्याच्या पायरीवर प्रकल्पाची वही घेऊन बसली. आम्ही टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. इकडे सकाळचे दहा, मिरजेत दुपारचे अडीच. पडद्यावर एक पलंग दिसला, नाकाला नळी लावलेला एक बारीकसा चेहरा, आणि मागे फोन धरलेल्या त्यांच्या सुनेचा अंगठा.

"ओळखलंस का रे?" ते म्हणाले.

"ओळखलं की."

"दात गेले काय तुझे?"

"कवळी हाय." बाबा हसले. मी त्यांना असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. दोघं थोडा वेळ तसंच बोलले. थंडी. गुडघे. शाळेतले एक मास्तर. मी बाबांच्या मागे उभी होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा दाबला.

बाबांनी घसा साफ केला. "अरे, मला तुला एक..."

"थांब," ते म्हणाले. "आधी मी. माझा दम टिकत नाही." त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. "त्या दिवशी मी दोघांची म्हणालो. मला वाटलं, खरं सांगितलं की सोडतात. तुझं नाव घ्यायला नको होतं मी. तुझं आयुष्य गेलं रे माझ्यापायी. तुझी पोर दारात येऊन बोलून गेली, ते बरोबरच बोलली. मला माफ करशील काय? तेवढंच ऐकायचंय."

बाबांना आता फक्त ते वाक्य म्हणायचं होतं. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळत नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मानेनं हो म्हटलं, म्हणा, बाबा. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"केलं रे," बाबा म्हणाले. "कधीच केलं माफ."

पडद्यावरचा चेहरा उघडला. मला दुसरा शब्द सुचत नाही. ते रडायला लागले आणि रडता रडता "सुटलो, सुटलो" म्हणायला लागले. सुनेचा हात पदरासकट पुढे आला. माझ्या शेजारची मुलगी हुंदके देत होती, तिनं माझा हात घट्ट धरला आणि "थँक यू, ताई," म्हणाली. माझ्या हाताखाली बाबांचा खांदा अगदी स्थिर होता.

डोळे पुसून झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही ती काय? पाणी न पिता गेली होती."

"हो, काका," मी म्हटलं. "मी तीच. माझं चुकलं."

"काय चुकलं? बापासाठी भांडलीस." ते हसले. "अशी पोर पाहिजे माणसाला."

ती माझी पाळी होती. वाक्य मला पाठ होतं, दोनदा ऐकलेलं. तोंड उघडलं तर ते बाहेर आलं असतं. मी त्या सुटलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि गप्प बसले. मग त्यांना धाप लागली, सूनबाई म्हणाल्या, आता पुरे, आणि पडदा काळा झाला.

मुलगी पुन्हा पुन्हा आभार मानून स्टेशनकडे गेली. बाबांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, खुर्चीला धरून उठले. "चहा टाक जरा," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जाता जाता त्यांनी माझी पाठ थोपटली आणि ते आपल्या खोलीत गेले.

लेक जिन्यावरून उठून माझ्याजवळ आली. वही तिनं छातीशी धरली होती. ती घरात एरवी कधीच मराठी बोलत नाही, पण आता बोलली. एकेक शब्द शोधत.

"आई, तू का नाही सांगितलंस?"

मी चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.